डांबरगोळी

आमच्या लॅबमध्ये गजरा घालून यायला बंदी होती. अत्तर, सेंट, सुवासिक पावडर, सर्दीचा बाम, सगळ्यालाच बंदी होती, पण बायकांना गजऱ्याचं जास्त लागायचं. सकाळी दारात सर उभे असत. येणाऱ्याच्या खांद्याजवळून एकदा नाक फिरवत आणि त्याला आत सोडत, नाहीतर परत पाठवत. एकदा चैत्रातल्या हळदीकुंकवाचा मोगरा केसांत तसाच ठेवून मी कामावर आलेले. त्यांनी मला व्हरांड्यात स्टुलावर बसवलं.

"अहो बाई, हा मोगरा घेऊन तुम्ही आत गेलात, तर आतल्या मंडळींना दुसरं काही ऐकूच येणार नाही."

आतली मंडळी म्हणजे पतंग, रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतात ते.

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी शेतकऱ्यांसाठी कामगंध सापळे बनवायची. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तोच गंध आम्ही तयार करायचो, रबराच्या छोट्या बुचात मुरवायचो आणि ते बूच सापळ्यात लटकवायला द्यायचो. नर गंधावर येतो, सापळ्यात अडकतो, मादी वाट पाहत बसते आणि शेतकऱ्याचं वांगं वाचतं. हा गंध बरोबर जमलाय की नाही, हे माणसाच्या नाकाला कळत नाही. त्यासाठी पतंगाच्या मिशा लागतात, आणि मिशांचा सगळा कारभार सरांकडे होता.

पतंगांच्या खोलीत दिवसा अंधार आणि एक लाल दिवा असे, रात्री लख्ख उजेड. म्हणजे त्यांची रात्र आमच्या ऑफिसच्या वेळात व्हायची. त्या खोलीत शिरताना सर दारावर टकटक करायचे आणि हळूच म्हणायचे, "बाई, येऊ का?" मादी पतंगांना ते बाई म्हणत, नरांना गृहस्थ. "या बाईंनी दुपारपासून बोलावणं सुरू केलंय आणि आपले गृहस्थ बघा, भिंतीकडे तोंड करून बसलेत." हे ते विनोदाने म्हणत नसत. कंपनीचे मालक नवे पाहुणे दाखवायला आणत, तेव्हा त्यांनाही टकटक करायला लावत. मालक करायचे. सरांशी वाद घालण्यापेक्षा दारावर टकटक करणं सोपं होतं.

या माणसाला पाठीमागे सगळे डांबरगोळी म्हणायचे.

त्याचं कारण असं, की सरांनी आयुष्यभर किडे जमवले होते. घरी एका लाकडी कपाटात काचेच्या झाकणाच्या पेट्या होत्या, त्यांत टाचणीला टोचलेले पतंग, भुंगे, टोळ. अशा पेट्यांना वाळवी आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवाव्याच लागतात. त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरांचे शर्ट. त्यामुळे सर यायच्या आधी जिन्यातून त्यांचा वास यायचा. जगाचे गजरे उतरवणारा हा माणूस स्वतः ट्रंकेतल्या शालूसारखा दरवळत असे. लॅबमध्ये शिरताना ते कंपनीचा धुतलेला कोट चढवत, त्यामुळे पतंगांची तक्रार नसावी. आमची होती, पण सांगणार कोण?

गंमत म्हणजे हे तत्त्व त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. "माणसाला सगळ्यांचा वास येतो, स्वतःचा येत नाही," हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. आम्ही एकमेकांकडे बघत नसू. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी मला रेशमाच्या किड्याचा नर पतंग दाखवला. मायक्रोस्कोपखाली त्याची मिशी फणीसारखी दिसत होती, दोन्ही बाजूंना केसांच्या रांगा. "पुस्तकात हिला शृंगिका म्हणतात. तुम्ही नाक म्हणा," सर म्हणाले. "या केसांना बारीक भोकं आहेत. गंध भोकातून आत जातो. या गृहस्थांना धड खाता येत नाही, धड उडता येत नाही. कुणी बोलावलं तर ओळखायचं आणि जायचं, एवढंच काम."

मग त्यांनी डोक्यासकट ती मिशी कापली. मिठाच्या पाण्याने भरलेल्या दोन बारीक काचनळ्यांमध्ये ती पुलासारखी ठेवली, तारा जोडल्या आणि एका पिचकारीतून तिच्यावर मादीच्या गंधाची फुंकर सोडली. पडद्यावरची सरळ रेघ एकदम खाली गेली. नुसत्या हवेची फुंकर सोडली तर रेघ जवळजवळ तशीच राहिली. पतंग बाजूला बशीत मरून पडलेला होता.

"सर, तो तर गेला. मग ओळखतंय कोण?"

"तेच तर आहे, बाई. ओळखायला सगळा माणूस लागत नाही."

मिशी थोड्या वेळाने कामातून जाते, असं सांगून त्यांनी मला लगेच दुसरी कापायला बसवलं. माझ्या हातून तिचे तुकडे झाले. ते रागावले नाहीत, पण त्या पतंगाची माफी मात्र त्यांनी मला मागायला लावली.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी म्हणालं, "सर, कसला तरी वास येतोय," की ते थांबवत. "वास येत नसतो. वासाकडे जावं लागतं." मग पॅसेजमध्ये प्रात्यक्षिक व्हायचं. दोन्ही हात डोक्यावर मिशांसारखे धरून सर वाऱ्याच्या दिशेने चालू लागत. गंध लागला की सरळ पुढे, गंध सुटला की डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, पुन्हा लागेपर्यंत. पतंग असाच जातो. चष्मा हरवला की सर तोसुद्धा याच पद्धतीने शोधत, आणि तो सापडायचाही. अकाउंट्सच्या मुली हे बघायला खास वर यायच्या.

मुरबाडकडच्या एका आंब्याच्या बागेत शेतकऱ्यांना सापळे समजावून द्यायला आम्ही गेलो होतो. फळमाशीच्या नरांना वेड लावणारं एक तेल असतं, थोडंफार तुळशीतही असतं, त्याचे बोळे सापळ्यात लावायचे होते. सर बोलायला उभे राहिले. बोलता बोलता एक माशी त्यांच्या बाहीवर बसली, मग दुसरी, मग बघता बघता उजवा हात कोपरापर्यंत माश्यांनी भरून गेला. सकाळी गाडीत बोळे भरताना बाहीवर तेल सांडलं होतं आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता. समोरच्या शेतकऱ्यांतला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, सापळा राहू द्या. तुम्हीच या बागेला." सगळी बाग हसली.

सर हसले नाहीत आणि हललेही नाहीत. हात तसाच पुढे धरून त्यांनी तास घेतला. "बघा, मला स्वतःला काहीही वास येत नाहीये. आपण काय घेऊन फिरतो ते दुसऱ्याला विचारावं लागतं." परत येताना शीळफाट्याला गाडी तासभर अडकली. त्या माश्या आमच्याबरोबर होत्या, आणि काच खाली करून त्यांना बाहेर सोडायला सरांची परवानगी नव्हती. आंब्याच्या बागेतल्या माश्या शीळफाट्यावर सोडणं त्यांना अन्यायाचं वाटत होतं. ठाण्याला पोचल्यावर ऑफिसच्या दारातल्या तुळशीवर त्यांनी बाही झटकली.

ते निवृत्त झाले तेव्हा मालकांनी भाषण करून त्यांना अत्तराची बाटली भेट दिली. मालकांचा हेतू चांगला होता, त्यांना एवढंच आठवत होतं की या माणसाचा वासाशी काहीतरी संबंध आहे. सरांनी बाटली दोन बोटांत धरली, आभार मानले आणि खाली जाताना वॉचमनला देऊन टाकली. पुढे वॉचमनने जिन्याच्या वर यायचं नाही, असंही बजावून गेले.

त्यांच्या घरी मी गेले ती त्यानंतर. मी कल्याणला राहते, ते डोंबिवलीला राहायचे. दिवाळीचा फराळ घेऊन गेले, तर दारातच त्यांनी मला थांबवलं. नळावर नेऊन घरातल्या साबणाने हात धुवायला लावले आणि खांद्यावर एक जुनी शाल टाकली.

"ही हिची आहे. पांघरून आत या. म्हणजे तुम्ही परक्या वाटणार नाही."

मला वाटलं, लॅब सुटली तरी सवय सुटलेली नाही. मग खिडकीशी बसलेल्या काकू दिसल्या. नीट विंचरलेले केस, इस्त्रीची साडी, मांडीवर हात. मला बघून हसल्या, सर आत गेल्यावर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमचे साहेब फार हुशार आहेत हं." मग तेच पुन्हा म्हणाल्या, आणि पुन्हा.

काकू टेलिफोन ऑपरेटर होत्या. नुसत्या 'हॅलो'वरून गावातला कोण बोलतोय ते सांगायच्या, असं सर म्हणत. विसरण्याचा आजार आला, त्यात आधी नावं गेली, मग आवाज, मग चेहरे. सरांचाही चेहरा गेला. तरीही रोज संध्याकाळी सर बाहेरून आले की काकू उठून त्यांच्या हातातली पिशवी घ्यायच्या. मग सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून घरी आले, बेल वाजवली. काकूंनी दार अर्धवट उघडलं आणि ऑपरेटरच्या गोड आवाजात सांगितलं,

"साहेब जागेवर नाहीत. निरोप असेल तर सांगा."

दार बंद झालं. घरात कामाला असलेल्या मावशींनी ते उघडलं. सर आत आले, पण काकू भिंतीला चिकटून उभ्या. दुसऱ्या दिवशी सरांनी घरच्या साबणाने आंघोळ केली, कपाटातला जुना शर्ट घातला, आणि काकूंनी त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला. काल कुणी आलं होतं याची त्यांना आठवणही नव्हती.

"हॉस्पिटलचा वास," सर मला म्हणाले. "मुंगीला साबणाने धुवून वारुळात सोडली तर घरचेच तिला चावतात. चेहरा तोच असतो, पण मुंग्या चेहरा बघत नाहीत, मिशी लावून बघतात. हिची मिशी शाबूत आहे."

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. या आजारात नाकच लवकर जातं, तुमचा भ्रम आहे, असं ते म्हणाले. यावर सरांनी प्रयोग केला. एक स्वतःचा, एक इमारतीच्या वॉचमनचा आणि एक मेहुण्याचा असे वापरलेले शर्ट पलंगावर ठेवले. काकूंनी सरांचा घडी करून कपाटात ठेवला, बाकीचे पायाने सरकवले.

"सर, रंगावरून ओळखला असेल."

सरांचा चेहरा खुलला. लॅब सुटल्यापासून त्यांना कुणी शंका विचारली नव्हती. "म्हणून तर सगळे पांढरे घेतले!"

मला पटलं, असं मी म्हणणार नाही. माणूस म्हणजे मुंगी नव्हे. पण त्या घरात नवा साबण येत नव्हता, फिनेल येत नव्हतं, उदबत्ती तीच, तेल तेच, आणि काकू त्या घरात शांत होत्या, एवढं मी पाहिलं.

मग ती इमारत धोकादायक ठरली. पावसाळ्याआधी रिकामी करा, अशी नोटीस लागली. सोसायटीच्या मीटिंगला सगळे कधी निघायचं ते ठरवत होते आणि सर उठून मुंग्यांबद्दल बोलायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, स्लॅब पडायला आलाय आणि तुम्ही मुंग्या काय काढताय? तुम्हाला जायचंय की नाही ते सांगा ना." सर म्हणाले, "जायचंय. पण आम्ही सगळ्यात शेवटी जाणार." लोकांना वाटलं, म्हातारा आडमुठेपणा करतोय.

प्रश्न वेगळा होता. त्याआधी एकदा सर काकूंना नातेवाइकांकडे बारशाला घेऊन गेले होते. परक्या घरात काकूंना "घरी जायचंय" हा ध्यास लागला आणि कुणाचं लक्ष नसताना त्या बाहेर पडल्या. सापडल्या त्या कल्याणच्या जुन्या टेलिफोन ऑफिसच्या फाटकाशी, ड्युटीवर घ्या म्हणून सांगत उभ्या. तेव्हापासून त्यांचा भाऊ म्हणत होता की ताईला घोडबंदरला एका संस्थेत ठेवू. वाईट माणूस नव्हता तो. त्याला बहिणीची काळजी होती. नोटीस लागल्यावर त्याने सरळ सांगितलं, "भावजी, नव्या जागेत ती राहिली तर मी शब्द काढणार नाही. पण पुन्हा बाहेर पडली, नाहीतर तुम्हाला ओळखेनाशी झाली, तर माझं ऐकायचं." सर 'हो' म्हणाले. कुणाचंही न ऐकणारा माणूस इतक्या पटकन 'हो' म्हणाला, तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत. मला फार वाईट वाटलं.

नवी भाड्याची जागा शहाडला मिळाली, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. सरांनी कामाला सुरुवात केली. मला बोलावून टेबलावर जेवणाचे डबे ठेवले, एकावर एक उपडे, मधे वर्तमानपत्राचा कागद.

"मधमाश्यांच्या दोन पेट्या एकत्र करायच्या असतील तर काय करतात? सरळ एकत्र केल्या तर मारामारी होते. म्हणून मधे वर्तमानपत्र घालतात. दोन्हीकडच्या माश्या तो कागद कुरतडतात. कागदाला भोकं पडेपर्यंत वास एकमेकांत मिसळलेला असतो. कागद संपतो आणि भांडणही संपतं." डब्यांवर हात ठेवून ते म्हणाले, "आपण घाई केली नाही तर ही जाईल. तिला कळणारही नाही."

मग शहाडच्या रिकाम्या घरात काकूंच्या जुन्या गोधड्या, साड्या, पायपुसणी जाऊन पडली. तिथले नवे पडदे डोंबिवलीत आले आणि काकूंच्या खिडकीला लागले. नव्या भिंतींचा रंग वाटीत काढून जुन्या घरात देव्हाऱ्याशेजारी ठेवला गेला. काकू मूळच्या मालवणच्या, घरात आठवड्याला सुकट भाजली जायची. तेव्हा नव्या स्वयंपाकघरालाही ती सवय हवी, म्हणून सरांनी मावशींना तिकडे नेलं. मावशी जवळच्याच आगरी गावातल्या.

"रिकाम्या घरान सुकट भाजाची? सर, लोकं येरं बोलतीन मना."

"वेडं मला म्हणतील. तुम्ही भाजा."

भाजली. शेजारच्या फ्लॅटचे गृहस्थ बेल वाजवून आले. "अहो, इथे अजून कुणी राहायला आलं नाही ना? मग जिन्यापर्यंत सुकटीचा वास कसला?"

"जिन्यापर्यंत येतो का?" सर इतके खूश झाले, की त्या गृहस्थांना रागावताच आलं नाही.

एकच अडचण होती. नवं घर लहान होतं. काकूंचा पलंग जुन्या घरासारखाच खिडकीला लागून हवा होता, आणि तिथे कपाट मावत नव्हतं. सरांनी आयुष्यभराच्या पेट्या कल्याणच्या एका कॉलेजला देऊन टाकल्या, कपाटासकट. मी तेव्हा तिथे होते. टेम्पोत चढवताना ते प्रत्येक पेटीतल्या मंडळींना नावाने निरोप देत होते. शेवटची पेटी गेल्यावर हात झटकून म्हणाले, "चला, मोठा पलंग बसेल." त्यांना किती लागलं असेल, ते त्यांनी दाखवलं नाही.

घर बदललं त्या दिवशी काकू रिक्षातून उतरल्या, आत गेल्या, खिडकीशी गोधडीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पंखा लावा." एवढंच झालं. त्यांच्या भावाने सरांचे दोन्ही हात धरले. सरांनी मला फोन केला तो हॅलो न म्हणताच. "कागद फाटला, बाई. भांडण नाही."

काही दिवसांनी मी रायवळ आंबे घेऊन शहाडला गेले. सर घराबाहेर जिन्यात बसले होते, भाजीची पिशवी मांडीवर. दार बंद.

"साहेब जागेवर नाहीत," मला बघून ते म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

आदल्या दिवसापासून काकू त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या. सकाळी भाजी घेऊन आले, तर दारातून निरोप विचारला. मावशींनी दार उघडून आत घेतलं, तेव्हा काकू इतक्या घाबरल्या, की स्वयंपाकघरात जाऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मग सर आपणहून बाहेर येऊन बसले. आत काकू शांत होत्या. घराशी त्यांचं काहीच भांडण नव्हतं. आणि काकूंचा भाऊ त्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

"साबण तोच," सर बोटांवर मोजत होते. "तेल तेच. दाढीचा साबणही तोच. पान मी खात नाही. तिला घर कळतंय, गोधडी कळतेय, मावशी कळतायत. मग माझ्यात काय बदललं? मला सापडत नाहीये. सकाळपासून शोधतोय."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आणि बसल्यावर लक्षात आलं, की या माणसाशेजारी मी बसलेय आणि मला कसलाही वास येत नाहीये.

"सर, तुमचे शर्ट कुठे असतात आता?"

"दोरीवर. कपाट गेलं ना. सामान हलवताना मळले होते, मावशींनी सगळे धुतले."

"सर," मी म्हटलं, "आम्ही तुम्हाला डांबरगोळी म्हणायचो."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"कोण आम्ही?"

"सगळेच. मालकसुद्धा."

"केव्हापासून?"

"मी लागले तेव्हा नाव जुनंच होतं."

त्यांनी शर्टाची बाही नाकाशी नेली, हुंगली. मग दुसरी. "मला तर कधीच..." एवढं म्हणून थांबले.

"तुम्हाला येणार नाही, सर. तुम्हीच सांगायचात."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, दुखावले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते हसतायत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. डोळे पुसत म्हणाले, "मुरबाडला त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, सापळा मीच आहे म्हणून, बाई. सगळं घर उचलून आणलं, आणि स्वतःलाच कॉलेजला देऊन आलो."

खालच्या किराणा दुकानातून मी डांबरगोळ्यांचं पाकीट आणलं. वर येताना आंबे वॉचमनच्या टेबलावर ठेवून यायला लागलं, कारण आंब्याचा वास मधे नको असा हुकूम सुटला होता. मावशींनी दाराच्या फटीतून दोरीवरचा एक शर्ट दिला. सरांनी गोळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधल्या, शर्टात गुंडाळल्या, आणि ते गाठोडं पोटाशी धरून बसले.

"किती वेळ लागेल?"

"मधमाश्यांना रात्र लागते."

"संध्याकाळी मेहुणे यायचेत."

"म्हणून तर पोटाशी धरलंय. उबेने लवकर मुरतं."

आम्ही बसून राहिलो. जिन्यातून जाणारे येणारे बघत होते. ऊन खिडकीतून खालच्या पायरीवर गेलं, तेव्हा सरांनी शर्ट बदलला, पुडी वरच्या खिशात ठेवली आणि केस नीट केले. उभे राहिल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून मान तिरकी केली. येतोय का, असं विचारत होते. येत होता. लॅबच्या जिन्यात यायचा तसाच. मी मान हलवली.

गोळ्यांनीच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. या आजारात माणसाची सकाळ वेगळी असते आणि संध्याकाळ वेगळी. सरही नंतर म्हणाले की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. पण खिशातली पुडी त्यांनी पुढे कधी काढली नाही.

त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, कुणाकडेही पाहत तसंच. मग हात पुढे करून भाजीची पिशवी घेतली.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "मगाशी एक गृहस्थ येऊन गेले."

"हो का? काय म्हणाले?"

"निरोप नाही ठेवला. दारात उभे होते बिचारे. दमलेले दिसत होते." पिशवीत डोकावून त्यांनी मेथीची जुडी बाहेर काढली. "बसा म्हणायला हवं होतं."

"पुन्हा आले तर म्हण," सर म्हणाले.

काकूंनी जरा विचार केला. "तुम्ही घरात असाल तेव्हा येऊ देत. एकटी असताना परक्या माणसाला कशी आत घेऊ?"

"बरं," सर म्हणाले, आणि चपला काढून आत गेले.